नदीकाठच्या वाटेबद्दल आधी चालणाऱ्यांना विचारा

पुण्यातली नदीकाठची वाट सुधारताना नागरिकांच्या सूचना घ्याव्यात, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. पण ऑनलाइन अर्ज भरणारे वेगळे आणि पहाटे काठी टेकत बंडगार्डनला येणारे वेगळे. त्यांना तिथेच, बाकावर शेजारी बसून विचारा. माझ्या आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवत नाहीत. तिला उतार हवा, धरायला कठडा हवा आणि थोड्या थोड्या अंतरावर सावलीतला बाक. संध्याकाळी पुरेसा उजेड नसेल, तर बायका तिकडे फिरकतही नाहीत.

शिवाय मुठा नदी काही बारा महिने सारखी नसते. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली जातो. जुलै २०२४ मध्ये तर सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. पाणी कुठवर चढतं, हे काठावरच्या वस्त्यांना तोंडपाठ आहे. १९६१ चा, पानशेत धरण फुटून आलेला पूर पाहिलेले आजी-आजोबा अजून आहेत. चालायच्या जागेसाठी पात्र आवळू नका, काँक्रीट ओतू नका. मातीची वाट चालेल, पण वाळुंज, करंज, उंबर ही काठावरची झाडं तोडू नका. आणि आराखडा मराठीत, पुलाजवळ, मोठ्या फलकावर लावा, तोही काम सुरू होण्याआधी.