दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला उत्तर: घट्ट किल्ट, कापलेली अनामत आणि ग्रासमार्केटमधली ती रात्र

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री दुकान बंद करताना वाचला आणि रविवारी सकाळी परत वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्या दिवशी काउंटरवर असलेली मुलगी रजेवर होती आणि तिच्याशी बोलल्याशिवाय लिहिणं मला पटेना. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहिते. एडिंबरोला येणारी आपली बाकी मंडळीही हे वाचतील.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तुम्ही, तुमचे धाकटे भाऊ आणि बाबा यांनी आमच्याकडून दिवसभरासाठी तीन किल्ट, म्हणजे इथले पुरुष कमरेला नेसतात ती चौकड्याची निऱ्यांची वस्त्रं, भाड्याने घेतले. तुमचा कमरेला इतका आवळत होता की दुपारी धड जेवताही आलं नाही. कापड जड, घामाने जीव नकोसा झाला. 'तुमचा क्लॅन (स्कॉटिश कूळ) कुठला?' असं विचारून हिणवलं. फोटोत दिसतो तो मोज्यातला सुरा दिला नाही. आत अंतर्वस्त्र हवंच अशी सक्ती केली. परत देताना कापड फाटलंय म्हणून अनामतीतले ४० पौंड कापले. आणि रात्री ग्रासमार्केट या जुन्या शहरातल्या चौकात एका पार्टीच्या घोळक्यातल्या बाईने मागून तुमचा किल्ट उचलला, आजूबाजूचे लोक हसले. असं होऊ शकतं हे आम्ही आधी सांगितलं नव्हतं. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'पर्यटकांना सोंग घ्यायला लावून पैसे उकळायचा धंदा.'

आधी त्या रात्रीचं बोलते. बाकी सगळं पैशाचं आणि कापडाचं आहे, हे तसं नाही.

तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईट झालं, आणि त्यात तुमची काहीही चूक नव्हती. किल्ट नेसलेल्या पुरुषाला 'आत काय घातलंय?' विचारणं ही इथे जुनी थट्टा आहे आणि दारू पोटात गेली की ती थट्टा हातापर्यंत येते. आमच्याकडे शनिवार-रविवार काम करणारा मुलगा लग्नांत बॅगपाइप वाजवतो. वाजवताना त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, पिशवी काखेत, नळी तोंडात. अशा वेळी कुणी मागून कपडा ओढला तर त्याला सावरताही येत नाही, ओरडताही येत नाही. त्याच्यासोबत हे एकदा नाही, अनेकदा झालंय. रस्त्यात कुणी एखाद्या बाईचा स्कर्ट उचलला असता तर तिथे कुणी हसलं नसतं. पुरुषाच्या बाबतीत लोक हसतात, आणि तोही बिचारा हसून घेतो, कारण चिडला तर 'गंमत कळत नाही' असं ऐकावं लागतं. तुम्ही हसून घेतलं नाहीत आणि ते लिहिलंत, याबद्दल मी तुमची आभारी आहे.

तुम्ही लिहिलंय की त्यांच्यातल्या एकीच्या हातात मोबाइल होता. परवानगीशिवाय कपड्याखालचा असा फोटो काढणं स्कॉटलंडमध्ये २०१० पासून कायद्याने गुन्हा आहे, आणि तो किल्टलाही लागू होतो. तुम्हाला तक्रार द्यायची असेल तर पोलिसांचा १०१ हा नंबर आहे. तुम्ही कधी आणि काय नेसून दुकानातून बाहेर पडलात याची आमच्याकडची नोंद मी लेखी द्यायला तयार आहे.

तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, हेही खरं. ऑगस्टमध्ये फ्रिंज हा कलामहोत्सव आणि मिलिटरी टॅटू हा लष्करी बँडचा सोहळा एकाच वेळी चालू असतात, सगळं शहर रात्री रस्त्यावर असतं. ग्रासमार्केट, काउगेट या भागात रात्री दहानंतर पार्ट्यांचे घोळके फिरतात. आम्हाला हे रोजचं आहे, म्हणूनच ते नव्या माणसाला सांगायचं राहून जातं. या आठवड्यापासून किल्ट हातात देताना आम्ही हे तोंडी सांगतो: गर्दीत पाठ भिंतीकडे ठेवा, कुणी हात लावलाच तर मोठ्याने नाही म्हणा आणि बारच्या दारावरच्या सुरक्षारक्षकाला बोलवा.

आता कमरेचं. ही चूक सरळ आमची आहे. तुम्ही ऑनलाइन फॉर्ममध्ये ३४ लिहिलंत, म्हणजे जीन्सचं माप. किल्ट जीन्सच्या जागी नसतो, तो बेंबीच्या रेषेवर बसतो, आणि तिथे बहुतेकांचं माप जीन्सपेक्षा बरंच जास्त भरतं. बक्कलांनी इंच-दोन इंच सैल करता येतं, त्यापुढे नाही. म्हणून दुकानात आल्यावर टेप लावून पुन्हा मोजायचं, असा आमचा नियम आहे. त्या सकाळी रांग दाराबाहेर गेली होती, मुलीने फॉर्मवरचा आकडा वाचला आणि किल्ट दिला. तिने हे मान्य केलं. पण रांग असताना तिला एकटीला उभं केलं ते मी, त्यामुळे दोष तिच्या माथी मारणार नाही. फॉर्मवर आता 'पँटचं माप लिहू नका, बेंबीवर टेप लावा' असं लिहिलंय आणि शेजारी चित्रही काढलंय.

फाटण्याचा संबंधही त्याच घाईशी आहे. किल्टला पुढे दोन पदर असतात, एक आतला, एक वरचा. खालच्या कोपऱ्यात लावायची पिन फक्त वरच्या पदराला लावतात. ती पदर बांधून ठेवण्यासाठी नसतेच, वजनासाठी आणि शोभेसाठी असते. तुम्ही वाऱ्यामुळे दोन्ही पदर एकत्र टाचलेत, आणि कुणीही तसंच करेल, सेफ्टी पिन आपण त्यासाठीच वापरतो. मग काल्टन हिलच्या पायऱ्या चढताना गुडघा पुढे आला, दोन्ही पदर एकमेकांना ओढायला लागले आणि पिनेच्या टोकापाशी दीड इंचाची चीर गेली. चीर बघताच मला कळलं की काय झालंय. पण ते कळून मी अनामत कापली, हे चुकलं. ज्याला पिन कशी लावायची हे दाखवलंच नाही, त्याच्याकडून पिनेने फाटल्याचे पैसे घेणं योग्य नाही. ४० पौंड तुमच्या कार्डवर परत पाठवलेत. घट्ट किल्टमुळे दिवस वाया गेला म्हणून तुमच्या किल्टचं भाडंही परत केलंय.

एवढं कबूल केल्यावर काही गोष्टी मी ठामपणे सांगते, त्या मी बदलणार नाही.

कापड जड आहे आणि ते जडच राहील. मी मूळची इचलकरंजीची, घरात यंत्रमाग होते, कापड हातात घेऊन पारखायला मी चालायला शिकले तेव्हापासून शिकले असं आई म्हणायची. तुम्ही नेसलात ते १६ औंसाचं, म्हणजे चांगलंच जाड लोकरी कापड होतं. पूर्ण किल्टला एकेरी पन्ह्याचं आठ वार लागतं. मागच्या निऱ्यांत त्यातलं बहुतेक जातं, म्हणून सगळं वजन मागे असतं आणि चालताना तो झुलतो. खाली दुमडून शिवलेलं नसतं, मागावरची किनारच तशी ठेवलेली असते, त्यामुळे निरी धारदार पडते. निऱ्या अशा घालतात की चौकड्याची रचना मागेही अखंड दिसावी, एक निरी दोऱ्याभर सरकली तरी डोळ्याला खुपतं. सवयीच्या हातालाही एक किल्ट शिवायला दोन-तीन दिवस लागतात. रॉयल माइल या पर्यटकांच्या रस्त्यावर पातळ पॉलिएस्टरचे किल्ट कमी पैशात मिळतात, ते हलके असतात, आणि पहिल्या वाऱ्याला डोक्यापर्यंत येतात. एडिंबरोत वारा नसलेला दिवस मी अजून पाहिलेला नाही. घाम आला हे मान्य, पण तुम्ही त्यावर जाड जाकीटही दिवसभर घालून होतात. उन्हात ते काढून नुसत्या शर्टवर फिरलं तर चालतं, हेही आम्ही सांगायला हवं होतं.

अंतर्वस्त्राची अटही कायम राहील. लोकरीचा किल्ट रोज धुता येत नाही, तो ड्रायक्लीन होतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या अंगावर जातो. स्वतःच्या किल्टमध्ये कुणी काय करावं हा त्याचा प्रश्न. मोज्यातला सुरा, म्हणजे स्गियन डू, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून इथल्या कायद्याला चालतो. तरी दिवसभर फिरायला निघालेल्या पाहुण्याला मी तो देत नाही. ठिकठिकाणी बॅगा तपासतात, संध्याकाळी बारमध्ये जाणं होतं, नसती भानगड नको.

आणि क्लॅन. हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो, कारण अमेरिका-कॅनडातून येणारे बरेच जण आजोबांचं आडनाव घेऊनच येतात आणि त्या घराण्याच्या टार्टनचा, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकड्याचा, शोध घेतात. तुम्हाला तो 'तुम्ही कोण लागून गेलात?' असा ऐकू आला, त्याचं मला खरंच वाईट वाटलं. आता आम्ही 'एखादं टार्टन मनात आहे का?' असं विचारतो. कुणी कुठलं टार्टन नेसावं यावर कायद्याचं बंधन नाही. राजघराण्यापुरतं राखून ठेवलेलं बाल्मोरल सोडलं तर कुणी हरकत घेत नाही. तुमचं गडद हिरवं-निळं ब्लॅक वॉच हे सगळ्यांसाठीच मानलं जातं. इथल्या शिखांचं स्वतःचं टार्टन आहे, आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या सरकारी नोंदवहीत कुणीही नव्या टार्टनची नोंद करू शकतो.

म्हणून 'सोंग' हा शब्द मला लागला. १७४६ साली लंडनच्या संसदेने हा पोशाख बेकायदा ठरवला. पहिल्यांदा सापडलं तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. ती बंदी उठली १७८२ मध्ये. त्यानंतर ४० वर्षांनी राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा लेखक सर वॉल्टर स्कॉटने शहरभर टार्टनचा सोहळा घडवला, आणि क्लॅनप्रमाणे टार्टन ही आजची पद्धत बरीचशी त्या काळात पक्की झाली. त्यात दिखावा होता, मान्य. पण मी बारा वर्षं इथे आहे आणि लग्नात, मयताला, पदवीदान समारंभाला माणसं हाच पोशाख नेसून येताना पाहते. पाहुण्यांनी तो नेसावा असं इथल्या बहुतेकांना मनापासून वाटतं, फक्त निऱ्या मागे असाव्यात. तुमच्या भावाने त्या पुढे घेतल्या होत्या म्हणून मुलीने दारातून परत बोलावलं. ते चारचौघांत ओरडून न सांगता जवळ जाऊन सांगायला हवं होतं.

तुमच्या बाबांना मात्र काही सांगावं लागलं नाही. मी लांबून बघत होते. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी दोन्ही हात मागे नेले, निऱ्या तळव्यांनी खालपर्यंत सारख्या केल्या आणि मग टेकले. इथल्या लग्नाळू मुलांना हे आम्ही दहा-दहा वेळा शिकवतो. मी विचारलं तर म्हणाले, धोतराची सवय आहे. आठ वार कापड आहे म्हटल्यावर म्हणाले, "आईचं लुगडं नऊवारी असायचं, तुमचं एक वार कमीच." किल्ट घालायचा नसतो, नेसायचा असतो, हे मी इथे कुणाला समजावून सांगू शकत नाही. त्यांना सांगायची गरजच पडली नाही.

तुम्ही दिलेले तारे बदला असं मी म्हणणार नाही. पुन्हा येणं झालं तर गर्दीच्या दिवशी येऊ नका, मंगळवार-बुधवारी सकाळी या, मी स्वतः माप घेईन.

एक राहिलं. किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे लटकवायला चामड्याची पिशवी देतो ना, स्पोरन, त्यात बाबांची पितळी सुपारीची डबी राहिली आहे. आत थोडी सुपारी आहे आणि घडी घातलेली एक चिठ्ठी, ती मी उघडलेली नाही. डबी काउंटरखालच्या कप्प्यात जपून ठेवली आहे. पत्ता इथे लिहू नका, दुकानाच्या नंबरवर कळवा, कुरियरने पाठवते.