भिंतीतल्या एचडीएमआय केबलबद्दल तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाज नेणाऱ्या भिंतीतल्या एचडीएमआय केबलच्या आमच्या कामाबद्दल तुमचा अभिप्राय वाचला. तुमच्या तीन तक्रारी आहेत. खिळा लागून केबलमधली एखादी तार दुखावली असेल तर जोड मारून भागलं असतं, तरी आम्ही अख्खी केबल बदलायला लावली. नवी केबल टाकल्यावर पहिल्यांदा चित्रच आलं नाही. आणि कोपऱ्यात भिंत उकरून तशीच ठेवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीत चूक आमची आहे. पहिलीबाबत आमचं म्हणणं बदलत नाही, पण त्यामागचं कारण आमच्या माणसाने तिथल्या तिथे दाखवायला हवं होतं.

आधी चुका. नवी केबल ऑप्टिकल आहे, म्हणजे आत काचेच्या तंतूंमधून प्रकाश जातो, आणि तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, ते सेट-टॉप बॉक्सकडे जातं. दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असतं, ते टीव्हीकडे. विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारं आणि प्रकाशाचा परत सिग्नल करणारं सर्किट त्या प्लगमध्येच बसवलेलं असतं, त्यामुळे केबल उलटी लागली की पडदा काळाच राहतो. पाइपात घालण्याआधी केबल जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं लावून चित्र बघायचं, ही दहा मिनिटांची पायरी गाळली गेली. त्यामुळे ओढलेली केबल पुन्हा काढावी लागली आणि तुमचा वेळ गेला. त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

आता जोडाबद्दल. दिव्याच्या वायरला जोड चालतो, कारण तिथे फक्त प्रवाह पोचायचा असतो. एचडीएमआयमध्ये 19 पिना आहेत आणि चित्र धावतं ते तारांच्या पिळलेल्या जोड्यांवरून. 4के (म्हणजे 1080पी एचडीच्या चौपट ठिपक्यांचं), सेकंदाला 60 फ्रेम या चित्रासाठी प्रत्येक डेटा जोडीवरून सेकंदाला जवळपास 6 अब्ज बिट जातात. त्या वेगाला एक बिट तारेवर साधारण साडेतीन सेंटिमीटर जागा व्यापतो. डाक देऊन (सोल्डर करून) जोड मारायचा तर तारा दोन-तीन सेंटिमीटर सोलाव्या लागतात, पीळ उलगडावा लागतो, फॉइल काढावं लागतं. जोडीचा 100 ओहमचा इम्पीडन्स, म्हणजे वेगवान सिग्नलला होणारा तिचा ठरावीक विरोध, नेमका तिथे बिघडतो आणि सिग्नलचा काही भाग आल्या वाटेने परत फिरतो. त्यातच जोडीतली एक तार दुसरीपेक्षा काही मिलिमीटर लांब राहिली, की दोन्ही बाजू एका वेळी पोचत नाहीत. असा जोड आज चालल्यासारखा वाटतो आणि प्लास्टरखाली गेल्यावर कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून भिंतीत आम्ही तो मारत नाही.

तुम्ही लिहिलंय की 1080पी चित्र व्यवस्थित दिसत होतं, म्हणजे केबल ठीक होती. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण 1080पीला एका जोडीवरचा वेग चौथा हिस्साच, सेकंदाला दीड अब्ज बिट, असतो. तेवढ्याला दुखावलेली जोडी तग धरते. 4केवर तीच जोडी आधी पांढरे ठिपके चमकवते, मग दोन-तीन सेकंद पडदा काळा करते, कारण टीव्ही आणि बॉक्स तुटलेली ओळख पुन्हा जुळवत असतात. तुमच्याकडे हेच होत होतं. 2 मीटरची केबल बाहेरून थेट लावली तेव्हा त्याच बॉक्सवर, टीव्हीच्या त्याच पोर्टवर 4के चित्र स्थिर होतं. दोष भिंतीतल्या केबलचा, हे तिथेच ठरलं. टीव्ही आणि बॉक्सला एकमेकांशी जोडल्याचंच कळत नसतं, तर मात्र संशय 5 व्होल्टच्या (बॉक्स जोडल्याचं टीव्हीला कळवणाऱ्या) किंवा हॉट-प्लगच्या (टीव्ही जोडल्याचं बॉक्सला कळवणाऱ्या) तारेवर घेतला असता.

काढलेली केबल आम्ही खिळ्याच्या जागी उभी चिरून पाहिली. बाहेरची जाळी फाटली आहे, एका जोडीवरचं चंदेरी फॉइल सरकून सुरकुतलं आहे आणि तिच्यातल्या एका तारेचं प्लास्टिक चपटं झालं आहे. तांबं कुठेच तुटलेलं नाही. त्यामुळे मल्टिमीटर सगळ्या पिनांवर बीप देत होता. मल्टिमीटर तार सलग आहे का एवढंच सांगतो, जोडीचा आकार बिघडलाय का हे त्याला कळत नाही. तो तुकडा जपून ठेवला आहे, येताना घेऊन येतो.

एक पर्याय आम्ही सांगायला हवा होता आणि सांगितला नाही. तुम्हाला 4के नकोच असतं, तर बॉक्स 1080पीवर कायम ठेवून जुनी केबल वापरता आली असती. निवड तुमची होती.

भिंत उकरावी लागली ती पाइपामुळे. तुमचा पाइप 25 मिलिमीटरचा आहे, आतून जेमतेम 21-22. एचडीएमआयचा प्लग साधारण 20 मिलिमीटर रुंद आणि कडक असतो. सरळ पाइपातून तो एखादे वेळी सरकेल, काटकोनी एल्बोतून वळत नाही. जुनी केबल पाइप जोडत जोडत आत घातलेली होती. म्हणून तिचं एक टोक कापून, त्याला नायलॉनची दोरी बांधून ती बाहेर ओढली, एल्बोच्या जागी लांब वळणाचा बेंड बसवला आणि नवी केबल सुट्या डोक्याची घेतली. तिचं ओढायचं टोक मायक्रो आकाराचं असतं, मोठा प्लग नंतर चढतो. खिळ्याने पाइपाच्या आत आलेली धारही घासून काढली. ती राहिली असती तर नव्या केबलची साल ओढतानाच सोलली गेली असती.

आता उरलेलं काम. बेंडवरचा खड्डा प्लास्टर, पुट्टी आणि रंग करून आमच्या खर्चाने बुजवू. प्लास्टर लावण्याआधी 4के 60वर अर्धा तास चित्र चालवून तुम्हाला दाखवू, टीव्हीचा आवाज केबलमधून उलट दिशेने साउंडबारपर्यंत येतो का तेही तपासू. पाइपात दुसरी नायलॉनची दोरी मोकळी सोडू. उघड्या भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढू आणि तुम्हाला देऊ. तोपर्यंत टीव्हीच्या खाली, पाइप जातो त्या उभ्या पट्ट्यात, खिळा किंवा ड्रिल लावू नका, आणि टीव्हीमागची केबल ब्रॅकेटमध्ये दुमडून दाबू नका. काच आतून मोडली तर बाहेरून काहीच दिसत नाही. तुम्हाला सोयीचा दिवस कळवा.