'आधी मूळ कथा वाचा' या प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

शापित पशू आणि त्याच्या वाड्यात राहावे लागलेली मुलगी यांच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट' या कथेवर बेतलेल्या अद्भुतरम्य प्रेमकादंबऱ्या मला का आवडतात, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, "असल्या गुलाबी कादंबऱ्यांत रमणाऱ्या बायकांनी आधी मूळ कथा वाचावी." शिवाय एक चुकलेले साल आपण दाखवले आहे आणि कैदेत ठेवणाऱ्यावरच मुलीचे प्रेम जडणे योग्य कसे, असेही विचारले आहे.

सालाची चूक मान्य. फ्रेंच लेखिका गाब्रिएल-सुझान द व्हिलनव यांनी लिहिलेली ही कथा १७४० ची आहे, १७५६ ची नव्हे. दुरुस्ती केली आहे, आभार.

परंतु 'असल्या' आणि 'बायकांनी' हे शब्द ज्या सुरात आले आहेत, तो सूर मतभेद नोंदवण्यासाठी लागत नाही. नववीत असताना तालुक्याच्या वाचनालयात माझ्या हातातले पुस्तक असेच काढून घेतले गेले होते आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात "काहीतरी चांगलं वाच" असे सांगितले गेले होते. त्या दिवसापासून मी मूळ कथाच शोधत आले आहे, त्यामुळे हा सल्ला मला देण्याआधी आपण स्वतः कोणती 'मूळ' कथा वाचली, हे सांगणे आपले कर्तव्य होते.

आपल्या मनात आहे ती बहुधा ल प्रँस द बोमाँ यांची १७५६ ची कथा. लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या या बाईंनी व्हिलनव यांची लांबलचक कथा विद्यार्थिनींसाठी कापून आटोपशीर केली. व्हिलनव यांचा पशू रोज रात्री नायिकेला शय्यासोबतीविषयी विचारतो, बोमाँ यांचा पशू लग्नाविषयी. आधीच्या कथेत तिला स्वप्नात देखणा राजपुत्र भेटतो आणि तिचा जीव त्याच्यावर जडतो. नंतरच्या कथेत तो उरलाच नाही. दुसऱ्या एका परीकथेचेही तेच: ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत मनोऱ्यात कोंडलेली, गरोदर राहिलेली रापुन्झेल आपले कपडे घट्ट का होऊ लागले, असे निरागसपणे विचारते. पुढच्या आवृत्त्यांतून तो प्रश्नच गेला. म्हणजे शृंगार आजच्या लेखिकांनी वरून चोपडलेला नाही. तो होता, आणि मुलांसाठी म्हणून काढला गेला.

माझी आजी श्रावणात शुक्रवारची कहाणी सांगायची. श्रीमंत झालेली बहीण भावाच्या घरी जेवायला बसते आणि मान आपल्याला नव्हे, दागिन्यांना आहे म्हणून लाडू उचलून गळ्यातल्या सरीवर ठेवते, तिथे आजी थांबायची. ऐकायला एखादी नवी सासुरवाशीण असली, तर ती बहीण भावाला आणखी दोन वाक्ये सुनवायची, जी कुठल्याही पोथीत नव्हती. कहाणी मोडली, असे आमच्या घरात कोणी म्हणाले नाही.

रॉबिन मॅकिन्ली या लेखिकेच्या, याच कथेवर बेतलेल्या १९७८ च्या कादंबरीत पशूच्या वाड्यातल्या ग्रंथालयात अजून लिहिलीच न गेलेली पुस्तके आहेत. नायिका ती वाचते, पशूलाही वाचून दाखवते. स्वतःला कुरूप समजणारी, घोड्यावर जीव टाकणारी ही मुलगी प्रेमात पडते ती अशा संध्याकाळी. जुन्या कथेत पशू प्रश्न विचारतो आणि ती नकार देते, एवढेच. त्या दोघांनी मधला वेळ कसा घालवला, हे मला चौदाव्या वर्षी हवे होते आणि आजही हवे आहे. यात गुलाबी काय आहे?

कैदेचा मुद्दा माझ्या लेखाचा विषय नव्हता, म्हणून त्यात शिरत नाही.

आपण कोणत्या सालची कथा वाचली आहे ते कळवावे, मग पुढे बोलता येईल.