जाळणे, गोठवणे की कापून काढणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बॅरेट्स इसोफेगस, म्हणजे अन्ननलिकेचे अस्तर बदलून पुढे कधीकधी कर्करोगाकडे नेणारा विकार, यावरील लेखात मी रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशनला (रेडिओलहरींच्या उष्णतेने अस्तर जाळण्याला) झुकते माप दिले, क्रायोथेरपीची (अस्तर गोठवण्याची) दोन ओळींत बोळवण केली आणि बदललेले सगळेच अस्तर कापून का काढू नये, हा प्रश्न टाळला, असे आपले तीन आक्षेप आहेत. तिसऱ्यापासून सुरुवात करते.

कापून काढणे आणि जाळणे हे एकाच कामाचे दोन पर्याय नव्हेत. एंडोस्कोपीत अस्तरावर उंचवटा किंवा खळगा दिसला, तर तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. कारण रोग किती खोल गेला आहे हे पॅथॉलॉजिस्टला त्या तुकड्यावरूनच कळते, आणि जाळलेले अस्तर तपासायला उरत नाही. उरलेल्या सपाट अस्तराचे काय करायचे, याचे उत्तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ४७ रुग्णांच्या युरोपीय चाचणीने दिले. एका गटात सगळे अस्तर टप्प्याटप्प्याने कापले, तर दुसऱ्यात फक्त दिसणारा दोष कापून बाकीचे जाळले. दोन्हीकडे रोग जवळपास सारखाच गेला; पण अन्ननलिका आकसून अरुंद होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८८ टक्के होते आणि दुसऱ्यात १४ टक्के. गिळता यावे म्हणून ज्याला पुन्हा पुन्हा नलिका रुंद करून घ्यावी लागते, त्याला ‘एकदाच कापून मोकळे व्हा’ असे कसे सांगणार?

आता झुकते माप. ते मी दिले आहेच, आणि त्याचे कारण तुलनागट हे आहे. २००९ च्या अमेरिकी चाचणीत १२७ रुग्णांपैकी काहींवर खरे अब्लेशन केले, काहींवर केवळ तसा देखावा; वर्षभरात कर्करोग अनुक्रमे १.२ आणि ९.३ टक्के रुग्णांत आढळला. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचा फवारा किंवा गोठवणारा फुगा यांचे आकडेही चांगले आहेत, मात्र ते बहुतांशी तुलनागट नसलेल्या रुग्णमालिकांमधून आलेले आहेत. फुग्याच्या उपचारानंतर दुखते कमी, हा आपला मुद्दा मला मान्य आहे. जाळून न गेलेल्या अस्तरासाठी गोठवण्याचा उपाय वापरलाही जातो. म्हणून पहिला पर्याय बदलावा, असे मात्र मला वाटत नाही.

आपल्या काकांच्या अहवालात ‘लो-ग्रेड डिस्प्लेजिया’, म्हणजे पेशींतले कर्करोगापूर्वीचे सौम्य बदल, असे लिहिले आहे. यंत्र कोणते, हा प्रश्न तिथे नंतरचा. २०१४ च्या युरोपीय चाचणीत अशा १३६ रुग्णांपैकी अब्लेशन केलेल्यांत १.५ टक्के, तर नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत २६.५ टक्के रुग्णांचा रोग तीन वर्षांत पुढच्या पायरीला गेला. पण या सर्वांचे निदान तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टने पुन्हा तपासून पक्के केलेले होते. ही अट वगळून तो आकडा कोणी सांगितला, तर तो काकांना लागू पडेलच असे नाही. नेदरलँड्समध्ये याच निदानाच्या १४७ रुग्णांच्या काचपट्ट्या तज्ज्ञांनी पुन्हा पाहिल्या, तेव्हा ८५ टक्के जणांचे निदान खालच्या पायरीवर आले. डिस्प्लेजिया नसेल, तर जाळणे-गोठवणे यांपैकी काहीच करायचे नसते. औषध आणि ठरावीक अंतराने तपासणी एवढेच पुरते.

आणखी एक खुलासा. भारतात अन्ननलिकेचा कर्करोग बहुतेक वेळा स्क्वॅमस (अन्ननलिकेच्या मूळ अस्तरातील चपट्या पेशींच्या) प्रकारचा असतो आणि त्याचा बॅरेट्सशी संबंध नसतो, त्यामुळे वरचे आकडे त्याच्या पूर्वअवस्थेला लावू नयेत. काकांच्या अहवालात बॅरेट्स असेच लिहिले आहे का, हे आधी पाहा, आणि काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवण्याविषयी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.