आजीच्या ओव्या कुठल्याच ॲपवर नाहीत, म्हणून मी अजून म्युझिक प्लेअर वापरते

पर्समधून हा छोटा म्युझिक प्लेअर काढला की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, "अगं फोन आहे ना हातात, मग हे आणि कशाला?" ट्रेनमध्ये विचारतात, ऑफिसात विचारतात, परवा वहिनीनेही विचारलं. तोंडी सांगायला गेलं की दोन वाक्यांत उरकतं आणि समोरच्याला वाटतं हिला जुन्या वस्तूंची हौस आहे. तसं अजिबात नाहीये. म्हणून एकदा नीट लिहिते, लांबेल, पण लिहिते.

माझ्या प्लेअरमध्ये जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त जगातल्या कुठल्याही ॲपवर नाही. मुख्य कारण हेच. बाकीची कारणं आहेत, ती पुढे येतीलच, पण ती नसती तरी मी हा प्लेअर ठेवला असता.

म्हणजे आहे काय त्यात, तर बाबांनी टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रावर, टेप केलेल्या कॅसेट. आमचं गाव कुडाळच्या बाजूला. गणपतीत, सप्त्याला, जत्रेला देवळात भजनं व्हायची आणि बाबा टू-इन-वन घेऊन पुढे बसायचे. त्यात डबलबारी सगळ्यात जास्त. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दोन भजनी बुवा, दोघांची आपापली मंडळं, एकाने अभंग, गवळण, गजर लावायचा आणि दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, पखवाज, पेटी, टाळ, आणि हे सगळं रात्रभर चालणार, माणसं उठायचं नाव घेत नाहीत. नावाजलेल्या बुवांच्या कॅसेट बाजारात मिळायच्या, त्यातल्या बऱ्याच आता यूट्यूबवर कुणी ना कुणी टाकल्यात. पण आमच्या वाडीतले बुवा, जे दिवसा शेती करायचे आणि रात्री असे गायचे की पोटात कालवायचं, त्यांची कॅसेट कुठली कंपनी काढणार? ते फक्त बाबांच्या कॅसेटमध्ये आहेत. बुवा गेले, पखवाजवाला गेला, त्या मंडळातली बहुतेक माणसं गेली.

आणि आजीच्या ओव्या. बाबांनी तिला सांगितलं बस आणि म्हण, तर ती म्हणाली, "जात्याशिवाय ओवी येवची नाय." खरंच येईना, एक ओळ म्हणायची आणि पुढचं आठवेना. मग तांदूळ आणले, जात्यावर बसवलं, दोन फेरे झाले आणि सुरू झाली ती थांबेचना. त्या रेकॉर्डिंगमध्ये जात्याची घरघर आजीच्या आवाजाइतकीच मोठी आहे, मध्येच ती खुंटा सोडते तेव्हा आवाज थांबतो आणि ओवीही थांबते, दाणे टाकते, परत घरघर, परत ओवी. एका ओवीत बाबांच्या धाकट्या आत्याचं नाव आहे, तिच्या सासरच्या वाटेचं वर्णन आहे. हे आमच्या घराशिवाय कुणाला कळणार?

ओव्यांचं काम मोठ्या पातळीवर झालंय महाराष्ट्रात, ते मुद्दाम सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी पुण्यातून काम उभं केलं, गावोगावी फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर ओव्या आहेत त्या संग्रहात, आणि आता पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या वेबसाईटवर त्या वाचता येतात, कितीतरी ऐकताही येतात. फार मोठं काम आहे, माझ्या मनात त्या लोकांबद्दल अतोनात आदर आहे. पण एक लाख ओव्या गोळा करूनसुद्धा आमच्या वाडीत ते पोचले नव्हते, आणि अशा न पोचलेल्या वाड्या किती असतील. ते काम आता घरातल्यांनीच करायचंय.

आता "मग फाईली फोनमध्ये टाक ना" वाल्यांसाठी. टाकल्यात की, तिथेही एक कॉपी आहे. पण ऐकायला फोन बरा नाही. डबलबारीची एक बाजू पाऊण तासाची, मध्ये फोन येतो, व्हॉट्सॲप वाजतं, बँकेचा मेसेज येतो, आणि उत्तर द्यायला घेतलं की गवळण गेली ती गेलीच. दुसरं म्हणजे फोनच बदलत गेलेत. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून इअरफोनची पिन लावायची जागा गेली, मग बाकीच्यांनी पण काढायला सुरुवात केली, मेमरी कार्डची जागा पण आता महागड्या फोनमध्ये बहुतेक नसतेच. म्युझिकचं ॲप उघडावं तर ते तुम्हाला आधी त्यांच्याकडचं काय काय ऐका ते सांगतं, तुमच्या फाईली कुठेतरी तळाशी. माझ्या प्लेअरला वायफाय नाही, सिम नाही, बटणं आहेत, कार्डाची खाच आहे, इअरफोनची पिन लागते. लावला की वाजतो. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, बंद करून चार दिवसांनी चालू केला तरी त्याच मिनिटाला त्याच सेकंदाला सुरू होतो. तीन-चार मिनिटांची गाणी ऐकणाऱ्याला याचं काही नाही, नव्वद मिनिटांची रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला विचारा.

शिवाय क्रम. फोल्डरमध्ये मी ०१, ०२, ०३ असं नाव देऊन ठेवलंय त्याच क्रमाने वाजणार. डबलबारीत सवाल आधी आणि जवाब नंतर यायलाच पाहिजे, हे गाणी उलटसुलट वाजवणाऱ्या शफलवाल्या ॲपला कोण समजावणार.

खरं तर प्लेअर म्हणून जी वस्तू सुरू झाली ती अगदीच तोकडी होती. १९९८ मध्ये पहिले एमपीथ्री प्लेअर आले तेव्हा त्यात ३२ एमबी जागा होती, जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. २००१ च्या ऑक्टोबरात आयपॉड आला, ५ जीबीचा, हजार गाणी खिशात अशी त्याची जाहिरात, आणि २०२२ च्या मे मध्ये ॲपलने शेवटचा आयपॉड टच पण बंद करत असल्याचं सांगितलं. तेव्हापासून लोकांनी धरून चाललंय की प्लेअर संपले. संपले नाहीत. सोनी अजून वॉकमन नावाने काढते, फिओ, हायबी वगैरे चायनीज कंपन्यांचे तर ढिगाने आहेत. आणि आपल्याकडे आयपॉड होता किती जणांकडे? आपल्याकडे होता तो पेन्सिल सेल घालायचा चायनीज एमपीथ्री, आणि नंतर मेमरी कार्डवाला फोन. स्टेशनबाहेरच्या मोबाईलच्या दुकानात कार्ड द्यायचं, "जुनी मराठी, भक्तिगीतं, थोडी नवीन हिंदी" असं सांगायचं, तो भरून द्यायचा. २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ते सगळं बघता बघता बंद पडलं. त्या भरून दिलेल्या गाण्यांचा आवाज सुमार असायचा हे खरं, पण कार्ड तुमचं होतं, त्यावरचं कुणी रात्रीतून काढून नेत नव्हतं.

हे मी उगाच म्हणत नाहीये. २०२० मध्ये गूगल प्ले म्युझिक बंद झालं, २०२४ मध्ये एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप बंद झालं. गूगलने निदान यूट्यूब म्युझिकवर सगळं हलवायची सोय दिली होती, पण वर्षानुवर्षं प्लेलिस्टी बांधून ज्यांनी ते वेळेत हलवलं नाही, ते परत शून्यावर. पैसे भरून डाउनलोड केलं तरी ती फाईल तुमची नसते, स्पॉटिफायला तर ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर डाउनलोड केलेलं वाजत नाही. सोय म्हणून ॲप वापरा, मी पण वापरते, नवीन गाणी तिथेच ऐकते. पण घरातला ठेवा तिथे ठेवता येत नाही आणि ठेवूही नये.

तुतारी एक्स्प्रेसने गावी जाताना याचा अर्थ नीट कळतो. चिपळूण सोडलं की बोगदे, डोंगर, मधेच एखादा टॉवर, रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, डब्यात सगळ्यांच्या फोनवर नेट शोधणारी चकती गोल गोल फिरत बसलेली असते. माझ्या कानात बुवांचा गजर चालू असतो.

आता कॅसेटवरून हे सगळं कसं काढलं ते थोडं सविस्तर, कारण बऱ्याच जणांच्या घरी अशा कॅसेट पडून असणार याची मला खात्री आहे. चांगला चालू टेप, त्याच्या इअरफोनच्या पिनेतून वायर, एक छोटं यूएसबी साउंड कार्ड, लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ लागणार, नव्वदची असेल तर दीड तास, त्याला शॉर्टकट नाही. बुरशी आलेली कॅसेट तशीच टेपमध्ये घालू नका, टेपचं हेड, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग, खराब होतं आणि पुढच्या कॅसेटला पण लागते. आतली स्पंजची पट्टी पडली असेल तर दुसऱ्या कॅसेटचं खोकं उघडून त्यात रीळ बसवता येतं, पाच स्क्रू असतात, सावकाश करायचं.

आणि हेडच्या बाजूचा तो बारका स्क्रू. हे कुणी सांगत नाही. ज्या टेपवर रेकॉर्ड झालं त्याचं हेड आणि तुमच्या टेपचं हेड अगदी सारखं सरळ नसतं, त्यामुळे वरचे स्वर दबतात. कॅसेट चालू ठेवायची आणि तो स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवायचा. आमच्या एका कॅसेटमध्ये टाळ असे येत होते जसे कुणी घोंगडी टाकलीय त्यांच्यावर, स्क्रू जरासा फिरला आणि एकदम किणकिण बाहेर, मागच्या रांगेत एक बाई जोडीने म्हणतेय ती सुद्धा ऐकू यायला लागली. मामा शेजारी बसला होता, म्हणाला, "ही तर आमची काकी." ती या रेकॉर्डिंगमध्ये आहे हे तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

मामा पेटी वाजवतो त्याचा अजून एक उपयोग झाला. टेपचा बेल्ट सैल असला की वेग कमी होतो आणि सगळं खालच्या पट्टीत ऐकू येतं. मामाला आठवत होतं बुवा कुठल्या पट्टीत गायचे, त्याने पेटी काढून सूर लावून बघितला, अर्धा स्वर उतरलेला निघाला. अर्धा स्वर म्हणजे जवळपास सहा टक्के वेग कमी. तेवढा ऑडॅसिटीमध्ये वाढवला आणि बुवा परत बुवांसारखे वाटायला लागले.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, नॉइज रिडक्शन जोरात लावू नका. ते सॉफ्टवेअर जो आवाज सतत एकसारखा येतो त्याला कचरा समजतं. तंबोरा सतत वाजतो. जात्याची घरघर सतत येते. काही जण शास्त्रीय संगीताच्या जुन्या घरगुती रेकॉर्डिंग 'साफ' करून टाकतात तेव्हा तंबोराच खाल्लेला असतो, गाणाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडी खरखर राहू द्या हो. मूळ फाईल जशी आली तशी एक वेगळी ठेवा, काय प्रयोग करायचे ते कॉपीवर. आणि बाबांचं सुरुवातीचं "आज गोकुळाष्टमी, देवळात भजन" असं बोलणं, मधलं खोकणं, कॅसेट उलटताना झालेला खटका, हे मी कापलेलं नाही, कापणार पण नाही.

फाईल फ्लॅक नावाच्या प्रकारात ठेवा. वेव्ह म्हणजे न दाबलेल्या फाईलला मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, फ्लॅकमध्ये बरीच कमी होते आणि आवाजातलं काही जात नाही. ते आवाजातले जास्त बारकावे देणारे हाय-रेस, २४ बिट, लाखभर रुपयांचे प्लेअर, ते ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावेत, कॅसेटमध्ये मुळात तेवढं नसतंच. साधा प्लेअर घ्या पण दोन गोष्टी बघून घ्या, फ्लॅक वाजतं का आणि फोल्डरप्रमाणे वाजतं का. तिसरी गोष्ट मला हवी आहे पण मिळत नाही, ती म्हणजे देवनागरी. मराठीत नावं टाकली की माझ्या प्लेअरच्या स्क्रीनवर नुसते चौकोन येतात, म्हणून सगळं रोमनमध्ये टाकावं लागलंय. याचा मला खरंच राग येतो. एवढी कोट्यवधी माणसं देवनागरी वाचतात आणि एका फॉन्टची सोय करता येत नाही. आणि टॅगमध्ये, म्हणजे फाईलसोबत लिहायच्या माहितीत, 'आर्टिस्ट' एकच रकाना, त्यात मी गाणाऱ्या बुवांचं नाव लिहू की पखवाजवाल्याचं की अभंग ज्या संतांचा त्यांचं? मी तिन्ही लिहिते, स्क्रीनवर अर्धंच दिसतं.

आईसाठी घरी कारवां नावाचा रेडिओसारखा प्लेअर आहे, २०१७ मध्ये सारेगामाने काढलं ते, आत पाच हजार गाणी आणि मोठी बटणं. टीका करणारे करतात, पण मला त्या कल्पनेचं कौतुक आहे, म्हाताऱ्या माणसाला पासवर्ड न विचारता, जाहिरात न दाखवता गाणं वाजवणारी वस्तू कुणीतरी बनवली. त्याला मागे पेन ड्राइव्ह लागतो. त्यात आजीच्या ओव्या टाकून दिल्यात. दुपारची भांडी आवरली की आई ते लावते, आणि सासूच्या ओव्या सुनेला पाठ आहेत हे आम्हाला इतक्या वर्षांनी कळलं. ज्या ओव्या बाबांच्या कॅसेटमध्ये अर्ध्यावर तुटल्या होत्या त्या आईने पुढे पूर्ण म्हणून दाखवल्या, त्या मी लगेच रेकॉर्ड करून घेतल्या, आता त्याही प्लेअरमध्ये आहेत.

मे महिन्यात गावी जाणार आहे. मामाकडे पत्र्याच्या ट्रंकेत दशावताराच्या कॅसेट आहेत, पाऊस सुरू व्हायच्या आत त्या काढायच्यात, कारण गेल्या पावसाळ्यात दोन-तीन कॅसेटना बुरशी लागलीच होती. त्याआधी टेपचा बेल्ट बदलायचाय, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो असं ऐकलंय, या शनिवारी जाऊन बघते. कुणाकडे टेपचे जुने सुटे भाग पडून असतील तर टाकू नका, मला कळवा.