मंडल रंगवा, गोळ्या सोडा? जरा थांबा!

आमच्या फॅमिली ग्रुपवर महिन्याभरात एकच मेसेज चार वेळा येऊन गेला, तुमच्याकडेही आला असेलच. "रोज २० मिनिटं मंडल रंगवा. कार्ल युंगने शोधलेली ही घरबसल्या आर्ट थेरपी. स्ट्रेस हार्मोन ७५ टक्के कमी होतो, उजवा मेंदू जागा होतो, आपोआप ध्यान लागतं, टेन्शनच्या गोळ्या सुटतात." खाली कमळ, जोडलेले हात आणि 'हीलिंग किट'ची लिंक. (मंडल म्हणजे मधल्या बिंदूभोवतीची गोल नक्षी.)

मी एरवी फॉरवर्डच्या नादी लागत नाही, कुठे भांडत बसायचं. पण यावेळी आमच्या मावशीने खरंच गोळ्या बंद केल्या. कोणाला न सांगता. म्हणून हे लिहितेय.

आधीच सांगते, रंगवण्याशी माझं काही वाकडं नाही, मी स्वतः रंगवते, ऑफिसातून डोकं उठून आलं की चहा घेऊन अर्धा तास तेच करते. प्रॉब्लेम त्या मेसेजशी आहे.

तर पहिलं युंगचं, म्हणजे त्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाचं. तो मंडलं काढायचा हे खरंय, १९१६ पासून, आणि पहिल्या महायुद्धाच्या शेवटी स्वित्झर्लंडमध्ये लष्करी ड्यूटीवर असताना रोज सकाळी वहीत एक छोटं गोल चित्र काढायचा, त्यात त्याला आपल्या मनाची त्या दिवसाची अवस्था दिसायची. पण तो काढायचा हो, स्वतःच्या हाताने! छापील आउटलाइनीत रंग भरणं वेगळं. आणि युंग वारला १९६१ मध्ये, मोठ्या माणसांच्या कलरिंग बुकांची लाट आली २०१३ ते १५ च्या सुमारास, म्हणजे मधे पन्नासएक वर्षं गेली. बरं मंडल काय युंगचं आहे का, तिबेटी भिक्षू दिवसच्या दिवस बसून वाळूचं मंडल करतात आणि पूर्ण झालं की पुसून टाकतात. आणि आपल्याकडे आजी रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी घालायचीच की, चिमटीतून रेघ अशी एकसारखी सुटायची, आणि दूधवाल्याची सायकल आली की अर्धी पुसलेली. आजी त्या दूधवाल्याला काय काय बोलायची ते आठवलं तर मनःशांतीचं मला जरा अवघडच वाटतं.

आता तो ७५ टक्क्यांचा आकडा, हा सगळ्यात भारी आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं हाताने काहीतरी करायला बसवलं, माती, कोलाज, मार्कर, जे आवडेल ते, आणि आधी नि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे तोच स्ट्रेस हार्मोन, मोजलं. साधारण ७५ टक्के *लोकांचं* कॉर्टिसॉल कमी झालं. लोकांचं! हार्मोन ७५ टक्क्यांनी उतरला असं नाहीये. उरलेल्या साधारण पाव लोकांचं कमी झालंच नाही, शिवाय नुसतं शांत बसवलेला दुसरा ग्रुपच नव्हता, मग तुलना कशाशी करणार. आणि मंडल रंगवणं तर त्यात कुठेच नव्हतं. फॉरवर्ड करणाऱ्याने आकडा एकीकडून उचलला, चित्र दुसरीकडून.

मग २० मिनिटं कुठून आली? ती बहुतेक २००५ च्या करी आणि कॅसर यांच्या अभ्यासातून, आणि तो खरंच वाचण्यासारखा आहे. ८४ कॉलेजच्या पोरांना आधी थोडं घाबरवलं, मग तीन गट केले, एकाला मंडल, एकाला चौकड्यांचं डिझाईन, एकाला कोरा कागद, आणि २० मिनिटं रंगवायला लावलं. मंडलवाल्यांची धाकधूक कमी झाली. पण चौकड्यावाल्यांचीही साधारण तेवढीच झाली! कोऱ्या कागदावाल्यांचा मात्र तेवढा फायदा झाला नाही. २०१२ मध्ये दुसऱ्यांनी तसाच प्रयोग केला तेव्हा मंडल पुढे गेलं, म्हणजे निकाल एकमुखी नाहीये. मला वाटतं आधीच आखलेल्या चौकटीत काम असलं की 'आता काय काढू' हा ताप नसतो आणि हात बिझी राहतो, गंमत त्यात असावी. ती चौकट लुंगीच्या चौकड्यांचीही चालेल.

आपोआप ध्यान लागतं म्हणे. ज्याने शाळेत एलिमेंटरीचा संकल्पचित्राचा पेपर दिलाय त्याने हे वाचून हसावं. झिरो नंबरचा ब्रश, पोस्टर कलर जरा पातळ झालेला, पाकळीच्या टोकाशी श्वास रोखून रेघ न्यायची आणि नेमका शेजारचा पाण्याच्या डब्याला धक्का देणार. लक्ष शंभर टक्के होतं, शांती शून्य. लक्ष लागणं आणि माइंडफुलनेसचं ध्यान एकच नव्हे, ध्यानात मन भरकटलं हे लक्षात येणं आणि त्याला न ओरडता परत आणणं हा सराव असतो, १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी त्याचा जो कोर्स सुरू केला तो ८ आठवड्यांचा आहे. मी रंगवताना निम्मा वेळ बॉसला मनातल्या मनात उत्तरं देत असते.

उजव्या मेंदूचं, म्हणजे उजवा कलेचा आणि डावा हिशोबाचा म्हणतात ते, दोन ओळीत संपवते. युटा युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये हजारावर लोकांचे स्कॅन तपासले, कोणी 'उजव्या मेंदूचा' आणि कोणी 'डाव्या मेंदूचा' असं काही सापडलं नाही.

आणि आर्ट थेरपी म्हणाल तर त्यात समोर शिकलेला थेरपिस्ट लागतो. अमेरिकेतल्या आर्ट थेरपिस्टांच्या संघटनेनेच सांगितलंय की कलरिंग बुक मजेसाठी, स्वतःची काळजी म्हणून खुशाल वापरा, पण ती थेरपी नाही.

राहिल्या गोळ्या. मावशीचं काय झालं तर दहाव्या दिवशी तिला चक्कर यायला लागली, झोप उडाली, काकांवर उगाच चिडायची, आणि तिला वाटलं आपण मंडल नीट रंगवत नाही म्हणून होतंय! रोज दोन रंगवायला लागली बिचारी. शेवटी डॉक्टरांनी गोळ्या परत चालू केल्या आणि सांगितलं की अशा गोळ्या कमी करायच्या तर हळूहळू, आम्हाला विचारून. प्रयोगात मोजली होती ती २० मिनिटांपुरती धाकधूक, महिनोन्महिने चाललेला आजार नाही. ज्यांना डॉक्टरकडे जायला अवघड वाटतं त्यांनी सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

त्या किटची किंमत मी बघितली, १,४९९ रुपये. त्यात २४ पेन्सिली, एक वही आणि 'मन शांत करणाऱ्या' निळ्या रंगाच्या चार जास्तीच्या पेन्सिली. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे १२ रंगांची साधी डबी मिळते, मावशीला तीच आणून दिली, सोबत शार्पनर.

परवा गेले तर तिने मोर रंगवला होता, अख्खा जांभळा. म्हटलं अगं मोर निळा असतो ना, तर म्हणाली निळी पेन्सिल नातवाने चावून ठेवलीये.