‘कंटेम्प्ट टाका, साक्षीदार आत जाईल’ हा मेसेज पुढे पाठवू नका

मामांचा वाटपाचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. समोरच्या साक्षीदाराने सरतपासणीच्या, म्हणजे त्याच्या मूळ साक्षीच्या, प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं, की आजोबांनी हयातीतच तोंडी वाटप केलं आणि तेव्हा तो तिथे हजर होता. मामा म्हणतात, साफ खोटं. परवा त्यांनी मला व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज पाठवला आणि विचारलं, "अर्ज कधी टाकायचा?" मेसेज सांगतो: खोटी साक्ष म्हणजे आपोआप न्यायालयाचा अवमान, सहा महिने कैद नक्की, त्याच कोर्टात अर्ज टाका, पोलिसांत एफआयआर करा, आणि अर्जाची प्रत साक्षीदाराच्या घरी नेऊन दाखवा, तो साक्ष फिरवेल.

हा शेवटचा सल्ला वाचून माझं डोकंच फिरलं. सत्तरीतल्या माणसाला तुम्ही साक्षीदाराच्या दारात पाठवताय? उद्या तो साक्षीदार कोर्टात सांगेल, "मला धमकावलं." न्यायदानात अडथळा आणणं हाच तर फौजदारी अवमान. धमकी देऊन खोटी साक्ष द्यायला लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैदेचा. मामांची बाजू कितीही खरी असली तरी आरोप त्यांच्यावर येईल. साक्षीदाराशी बोलायचं ते साक्षीच्या पिंजऱ्यात, वकिलामार्फत, उलटतपासणीत. घरी जाऊन नाही.

‘सहा महिने नक्की’ हेही चूक. १९७१च्या अवमान कायद्यात सहा महिने ही कमाल मर्यादा आहे आणि मनापासून मागितलेली माफी कोर्ट स्वीकारू शकतं. ‘त्याच कोर्टात अर्ज’ तर नाहीच. खालच्या कोर्टाच्या फौजदारी अवमानाची कारवाई उच्च न्यायालय करतं, तीही त्या कोर्टाने प्रकरण पाठवलं किंवा महाधिवक्त्यांनी, म्हणजे राज्य सरकारच्या सर्वोच्च वकिलांनी, मागणी केली तर.

एक मान्य करावं लागेल. खोटं प्रतिज्ञापत्र हा अवमान ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली धनंजय शर्मा प्रकरणात म्हटलं आहे. गुजरात दंगलीच्या बेस्ट बेकरी खटल्यातल्या, साक्ष फिरवणाऱ्या प्रमुख साक्षीदाराला २००६ साली एक वर्षाची कैदही झाली. पण ती सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या अधिकारात दिली. ‘आपोआप’ काहीच झालं नाही.

खोट्या साक्षीसाठी नेहमीचा रस्ता वेगळा आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७९, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३४०. तक्रार कोर्ट करतं. पोलिसांच्या एफआयआरवरून खटला चालत नाही. कोर्टाची तक्रारही प्रत्येक खोट्यावर होत नाही. इक्बालसिंग मारवाह प्रकरणात (२००५) पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की न्यायाच्या हितासाठी आवश्यक वाटलं तरच कोर्टाने तक्रार करावी. तुमचं किती नुकसान झालं यापेक्षा न्यायदानावर काय परिणाम झाला हे पाहावं. एफआयआरबद्दलचं अर्धसत्यही त्याच निकालात सापडतं: दस्त कोर्टात येण्याआधीच बाहेर बनावट केला असेल, तर कोर्टानेच तक्रार करायची ही आडकाठी नाही. मामांच्या दाव्यात बनावट दस्त नाही, तोंडी साक्ष आहे.

मामांना मी एवढंच सांगितलं: त्या ‘वाटपा’नंतरच्या वर्षांचे सातबारा काढा. नावं अजून सामाईक असतील, तर वकिलांना सांगा, पुढच्या तारखेला ते उतारे साक्षीदाराच्या हातात द्या आणि विचारा, वाटप झालं ते साल कोणतं.